मेंदूची नाडी ऐकणारे यंत्र

मनगटावर तीन बोटे टेकवून नाडी पाहणे ही आपल्याकडे वैद्याची पहिली ओळख. मनगट, मान, घोटा अशा ठिकाणी धमनी त्वचेच्या लगत येते आणि रक्ताचा प्रत्येक ठोका बोटांना कळतो. मेंदूची नाडी मात्र अशी हाताला लागत नाही. तो हाडाच्या भक्कम पेटीत बंद आहे. ही पेटी न उघडता, सुई न टोचता आणि क्ष-किरणांचा वापर न करता मेंदूतील रक्ताचा वेग मोजण्याची पद्धत १९८२ मध्ये वैद्यकशास्त्राच्या हाती आली. 'ट्रान्सक्रेनियल डॉप्लर' या नावाने ती ओळखली जाते. डॉक्टरांच्या बोलण्यात तिचे 'टीसीडी' हे संक्षिप्त नाव रूढ आहे. पक्षाघाताचे निदान, अतिदक्षता विभाग आणि सिकलसेलग्रस्त मुलांची देखरेख या तीन ठिकाणी या तपासणीचे मोल विशेष आहे. विदर्भातील आणि खानदेशातील असंख्य कुटुंबांशी सिकलसेलचा संबंध असल्याने महाराष्ट्रासाठी हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाही.

अखंड पुरवठ्याची गरज

प्रौढ माणसाच्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के असतो. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी मात्र १५ ते २० टक्के रक्त एकट्या मेंदूला लागते. मिनिटाला सुमारे ७०० ते ७५० मिलिलिटर इतका हा पुरवठा आहे. स्नायूंप्रमाणे प्राणवायूचा साठा करून ठेवण्याची सोय मेंदूत नाही. पुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशींची कायमची हानी सुरू होते.

हा पुरवठा मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्यांमार्फत होतो. समोरच्या बाजूने दोन कॅरोटिड धमन्या आणि मणक्यांमधून जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मेंदूच्या तळाशी येतात आणि तेथे एकमेकींना जोडून एक कडे तयार करतात. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांच्या नावाने हे कडे ओळखले जाते. त्यातून निघणाऱ्या शाखांपैकी मेंदूची मधली धमनी सर्वांत महत्त्वाची, कारण मोठ्या मेंदूच्या बऱ्याच भागाला तीच रक्त पुरवते. टीसीडी तपासणीत मुख्य लक्ष असते ते याच धमनीवर.

कवटीने दिलेला चकवा

मेंदूतील रक्तवाहिन्या पाहण्याचे प्रयत्न जुने आहेत. पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये धमनीत विशिष्ट द्रव टोचून क्ष-किरणांच्या साहाय्याने मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र मिळवले. ही पद्धत सुधारित स्वरूपात आजही वापरात आहे. पण त्यासाठी धमनीत नळी घालावी लागते.

ध्वनिलहरींचा मार्ग सोपा वाटत होता. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडच्या लहरींना श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. ऑस्ट्रियातील कार्ल ड्युसिक यांनी १९४० च्या दशकात अशा लहरी डोक्यातून आरपार पाठवून मेंदूतील पोकळ्यांची चित्रे मिळाल्याचे जाहीर केले. पुढे असे दिसून आले, की ती चित्रे मेंदूची नव्हतीच. कवटीच्या हाडाने कमीअधिक लहरी शोषल्याने उमटलेल्या त्या छाया होत्या. हाड ध्वनी शोषते, परतवते आणि वाकडातिकडा पसरवते. स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी १९५० च्या दशकात परावर्तित लहरींवरून मेंदूची मध्यरेषा सरकली आहे की नाही हे ओळखण्याचे तंत्र रूढ केले. मात्र सीटी स्कॅन आल्यावर ते मागे पडले. रक्ताचा वेग मोजण्यासाठी वेगळ्या तत्त्वाची गरज होती.

तुतारीवाले आणि आगगाडी

ते तत्त्व शंभराहून अधिक वर्षे आधीच सापडलेले होते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ क्रिस्टियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे तारकांच्या रंगांविषयी एक निबंध वाचला. लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर त्या लहरींची वारंवारता वाढलेली भासते आणि दूर जात असेल तर घटलेली भासते, असा त्यांचा सिद्धान्त होता. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलॉट यांनी तो पडताळून पाहिला. आगगाडीच्या उघड्या डब्यात तुतारी वाजवणारे वादक बसवले गेले आणि रुळांलगत सुरांची जाण असलेले श्रोते उभे राहिले. गाडी जवळ येताना स्वर चढलेला आणि दूर जाताना उतरलेला ऐकू आला.

रक्तातील तांबड्या पेशी याच आगगाडीसारख्या वागतात. त्यांच्यावर श्राव्यातीत लहरी सोडल्या, तर परतणाऱ्या लहरींची वारंवारता पेशींच्या वेगानुसार बदललेली असते. मूळ आणि परतलेल्या लहरींतील फरकावरून वेगाचा हिशेब करता येतो. जपानमधील ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात हे तत्त्व शरीराच्या तपासणीसाठी वापरले. मानेतील आणि पायांतील रक्तवाहिन्यांसाठी डॉप्लर यंत्रे प्रचारात आली. कवटी मात्र अभेद्य राहिली.

हा अडसर दूर केला रुने आस्लिड यांनी. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काम करताना त्यांनी थॉमस मार्कवाल्डर आणि हेल्गे नॉर्नेस यांच्यासह १९८२ मध्ये आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या युक्तीचे दोन भाग होते. पहिला, वारंवारता कमी ठेवणे. एरवीच्या रक्तवाहिनी तपासणीत पाच ते दहा मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. आस्लिड यांनी दोन मेगाहर्ट्झ निवडले, कारण कमी वारंवारतेच्या लहरी हाडात कमी शोषल्या जातात. दुसरा, कवटीतील पातळ जागा गाठणे. कानशिलावरील हाड अनेकांमध्ये इतके पातळ असते की लहरी तेथून आत जाऊन परत येऊ शकतात.

तपासणी कशी होते?

रुग्णाला पाठीवर झोपवून कानशिलावर थोडी जेली लावतात आणि पेनासारखा प्रोब तेथे टेकवतात. लहरींचे लहान लहान स्पंद सोडले जातात. स्पंद जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून तो किती खोलीवरून आला हे कळते. मधली धमनी साधारण ४५ ते ६५ मिलिमीटर खोलीवर सापडते. तिच्यातील रक्त प्रोबच्या दिशेने येत असते, तर पुढच्या धमनीतील रक्त प्रोबपासून दूर जाते. खोली आणि दिशा या दोन खुणांवरून कोणती धमनी सापडली हे ओळखतात. मेंदूच्या मागील धमन्यांसाठी मानेच्या मागे, कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून लहरी सोडतात. डोळ्याच्या वाटेनेही तपासणी होते. मात्र त्या वेळी लहरींची शक्ती बरीच कमी ठेवावी लागते.

या तपासणीची एक गंमत अशी, की तिचा निकाल ऐकूही येतो. मधल्या धमनीत रक्ताचा वेग सेकंदाला ६० सेंटीमीटर असेल, तर दोन मेगाहर्ट्झच्या लहरींत सुमारे दीड हजार हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक थेट माणसाच्या कानाला ऐकू येण्याजोगा असतो. पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख उमटत असताना यंत्रातून प्रत्येक ठोक्याला एक सुस्कारा ऐकू येतो. अनुभवी तंत्रज्ञ पडद्याकडे पाहण्याआधीच त्या आवाजावरून प्रवाह अरुंद वाटेने जात असल्याचे ओळखतात.

तपासणीला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. यंत्र रुग्णाच्या खाटेजवळ नेता येते आणि तपासणी हवी तितक्या वेळा करता येते. सीटी किंवा एमआरआयच्या तुलनेत हाच तिचा मोठा फायदा. त्या तपासण्या एका क्षणाचे चित्र देतात. टीसीडी रक्तप्रवाहात मिनिटागणिक होणारे बदल दाखवते.

आकडा काय सांगतो?

निरोगी प्रौढाच्या मधल्या धमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला ५५ ते ६० सेंटीमीटरच्या आसपास असतो. लहान मुलांत तो अधिक असतो आणि वयानुसार घटत जातो. नदीचे पात्र घाटात अरुंद झाले की पाणी वेगाने धावते, तसेच धमनी अरुंद झाली की तेथील रक्ताचा वेग वाढतो. वाढलेला वेग हे म्हणूनच धोक्याचे चिन्ह मानले जाते.

मेंदूतील धमनीचा फुगा फुटून रक्तस्राव झाल्यावर याचा उपयोग मोठा असतो. अशा रुग्णांत रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान धमन्या आक्रसण्याचा धोका असतो. मूळ आजारातून वाचलेला रुग्ण या दुसऱ्या संकटात सापडतो. त्यामुळे अतिदक्षता विभागात टीसीडी वारंवार करून वेगावर नजर ठेवतात. मधल्या धमनीतील सरासरी वेग १२० च्या खाली असेल तर मोठे आकुंचन होण्याची शक्यता कमी आणि २०० च्या वर गेला तर ती बरीच जास्त, असा ढोबळ ठोकताळा आहे. मात्र ताप, रक्तक्षय किंवा वाढलेला रक्तदाब यांनीही वेग वाढतो. म्हणून मानेतील धमनीच्या वेगाशी त्याची तुलना करतात. हे गुणोत्तर तीनपेक्षा जास्त असेल तर धमनी खरोखर आक्रसली आहे, असे मानतात. नॉर्वेतील लिंडेगार्ड यांच्या नावाने हे गुणोत्तर ओळखले जाते.

प्रवाहात गुठळीचा सूक्ष्म कण किंवा हवेचा बुडबुडा वाहत गेला तर यंत्रातून 'टिक्' असा किंवा चिवचिवाटासारखा आवाज येतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः राहिलेले छिद्र शोधण्यासाठी या गुणाचा वापर करतात. हातातील शिरेत ढवळलेले सलाइन टोचल्यावर मेंदूच्या धमनीत बुडबुड्यांचे आवाज उमटले, तर रक्ताला फुप्फुस टाळून जाणारी आडवाट असल्याचे कळते. तरुण वयात कारण न सापडलेल्या पक्षाघातात ही माहिती उपयोगी पडते.

मेंदूमृत्यूच्या निदानातही टीसीडीचा आधार घेतला जातो. कवटीतील दाब अतोनात वाढल्यावर रक्त पुढे जाते आणि तेवढेच मागे ढकलले जाते. आलेखात ही येरझार स्पष्ट दिसते. मात्र भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हा निर्णय चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांवरून घ्यायचा असतो. टीसीडी ही त्याला जोड असू शकते, पर्याय नव्हे.

दोनशेचा आकडा

टीसीडीने वैद्यकात सर्वांत ठोस बदल घडवला तो सिकलसेलग्रस्त मुलांच्या बाबतीत. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. त्या लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, तशाच मेंदूच्या तळाच्या मोठ्या धमन्यांचे अस्तरही खराब करतात. धमनी हळूहळू अरुंद होते आणि एखाद्या दिवशी खेळते मूल अर्धांगाने खाली कोसळते. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सिकलसेल ॲनिमियाच्या शंभरांतील सुमारे ११ रुग्णांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होत असे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट ॲडम्स यांनी असे दाखवून दिले होते, की ज्या मुलांच्या मेंदूतील रक्ताचा वेग वाढलेला असतो त्यांनाच पुढे पक्षाघाताचा धोका जास्त असतो. हा धोका टाळता येईल का, हे पाहण्यासाठी 'स्टॉप' नावाची चाचणी घेण्यात आली. दोन ते सोळा वर्षे वयाच्या, सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक वेग आढळलेल्या १३० मुलांची तिच्यात निवड झाली. त्यांपैकी ६३ मुलांना नियमित रक्त देण्यात आले. ६७ मुलांवर नेहमीचे उपचार सुरू राहिले. नेहमीच्या उपचारांच्या गटात ११ मुलांना पक्षाघात झाला, तर रक्त दिलेल्या गटात फक्त एकाला. फरक इतका मोठा होता की १९९७ मध्ये चाचणी मुदतीपूर्वी थांबवून सर्व मुलांना रक्त देण्याची सोय करण्यात आली. निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

वेग आटोक्यात आल्यावर रक्त देणे थांबवता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ४१ मुलांचे रक्त देणे थांबवले गेले. त्यांपैकी १४ जणांचा वेग पुन्हा धोकादायक पातळीवर गेला आणि अन्य दोघांना पक्षाघात झाला. रक्त सुरू ठेवलेल्या ३८ मुलांपैकी एकालाही असे काही झाले नाही.

पण वर्षानुवर्षे रक्त देण्याची किंमतही असते. शरीरात लोह साचते, ते काढून टाकण्यासाठी वेगळी औषधे लागतात आणि जुळणाऱ्या रक्ताचा सततचा पुरवठा लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्विच' चाचणीने या कोंडीतून वाट दाखवली. किमान वर्षभर रक्त दिलेल्या आणि धमन्या फारशा अरुंद न झालेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया या गोळीवर नेले तरी वेग आटोक्यात राहतो, असे तिच्यात दिसून आले. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सिकलसेल ॲनिमिया असलेल्या दोन ते सोळा वर्षांच्या मुलांची दरवर्षी टीसीडी व्हावी. वेग १७० पेक्षा कमी असेल तर तो सुरक्षित मानतात, १७० ते १९९ दरम्यान असेल तर लवकर फेरतपासणी करतात आणि २०० वा अधिक आढळल्यास तपासणीने खात्री करून उपचार सुरू करतात.

महाराष्ट्राशी नाते

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीचा मेळघाट आणि नंदुरबार या भागांत हा आजार विशेष आढळतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अनेकदा जास्त राहत असल्याने आजार सरासरीने सौम्य असतो आणि पक्षाघाताचे प्रमाणही आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी दिसते. परंतु सरासरी म्हणजे हमी नव्हे. विदर्भातील रुग्णांमध्ये तीव्र स्वरूपाचा आजारही आढळतो आणि पक्षाघात झालेली मुले येथील डॉक्टरांनाही पाहावी लागतात.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. या तपासणीत आजार कोणाला आहे ते कळेल. त्या मुलांपैकी पक्षाघाताच्या उंबरठ्यावर कोण आहे, हे मात्र रक्ताच्या तपासणीत कळत नाही. ते कळण्यासाठी टीसीडीच लागते. यंत्र हलवण्याजोगे आहे, त्याला वेगळी खोली लागत नाही आणि एमआरआयच्या तुलनेत त्याचा खर्च कमी आहे. खरी गरज आहे ती प्रशिक्षित हातांची आणि तपासणीनंतर औषध व रक्त नियमित मिळण्याची. आकडा कळूनही उपचार मिळाले नाहीत, तर तपासणीचा उपयोग शून्य.

मर्यादा

टीसीडी रक्ताचा वेग मोजते, रक्ताचे प्रमाण नव्हे; धमनीची जाडी बदलली तर दोहोंतील नाते बदलते. धमनी जवळजवळ बंद झाली की वेग उलट घटतो आणि आकडा फसवा ठरतो. सुमारे १० ते १५ टक्के लोकांचे कानशिलाचे हाड लहरींना वाट देत नाही; वृद्ध स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते. प्रोबचा कोन चुकला तर वेग कमी दिसतो. सिकलसेलच्या मुलांत काही सूक्ष्म इजा लक्षणांविनाच होतात. त्या फक्त एमआरआयमध्ये दिसतात.

या तंत्राकडून उपचाराचीही आशा होती. गुठळी विरघळवणाऱ्या औषधासोबत ध्वनिलहरी दिल्यास धमनी लवकर मोकळी होते, असे २००४ मध्ये १२६ रुग्णांच्या चाचणीत दिसले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र रुग्णांच्या बरे होण्यात फरक आढळला नाही.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

तपासणीच्या वेळी मूल जागे आणि शांत असावे. झोप, रडणे आणि ताप यांनी रक्ताचा वेग बदलतो. म्हणून ताप असल्यास तपासणी पुढे ढकलावी. अलीकडे रक्त दिले असल्यास ते आधी सांगावे. रंगीत प्रतिमा दाखवणाऱ्या यंत्रावर आकडे थोडे कमी येतात, त्यामुळे तपासणी कोणत्या प्रकारच्या यंत्रावर झाली याची नोंद अहवालात असावी. जुने अहवाल जपून ठेवावेत, कारण एका आकड्यापेक्षा वर्षागणिक होणारा बदल अधिक काही सांगून जातो. आणि अहवाल चांगला आला तरी पुढच्या वर्षीची तपासणी चुकवू नये. ही तपासणी दुखत नाही, टोचत नाही. मूल हसतेखेळते असतानाच ती करायची असते. पक्षाघात झाल्यानंतर तो टाळण्याची ती संधी निघून गेलेली असते.